रिकाम्या ट्रेलरची वकिली

माणसाला रिकामी जागा बघवत नाही. रिकामा कप्पा, रिकामी भिंत, रिकामी संध्याकाळ, काहीही दिसो, आता यात काय कोंबावं या विचाराला तो लागतो. आमच्या बँकेत लॉकर घेणारी मंडळी मी बावीस वर्षं पाहतो आहे. पहिल्या वर्षी दार एका बोटानं लागतं, पाचव्या वर्षी गुडघा लावावा लागतो. आत काय असतं ते विचारायचं नाही असा नियम आहे आणि मी तो पाळतो. पण लॉकरचं एक बरं असतं, तो जागचा हलत नाही. घाटावरून गडगडत खाली येत नाही. मला आज ज्या रिकाम्या जागेसाठी भांडायचं आहे, तिला दोन चाकं आहेत आणि ब्रेक नाहीत.

तर सांगायचं म्हणजे, अमेरिकेचं लष्कर आपलं जुनं सामान लिलावात काढतं. त्यात जीपच्या मागे जोडायचे छोटे, दोनचाकी, उघड्या तोंडाचे ट्रेलर असतात. हौशी लोक ते घेतात, त्यांची 'सुधारणा' करतात आणि सुट्टीत ते ओढत, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे मुक्कामाला जातात. आता आगरकरांचे सुधारक वेगळे आणि हे वेगळे. त्या सुधारकांपुढे मी हात जोडतो. या सुधारकांपुढेही जोडतो, पण 'पुरे करा' म्हणून.

माझा भाचा कोलोरॅडोत असतो आणि तो याच पंथातला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यानं मला तीन आठवडे तिकडे नेलं. तिकीट त्यानंच काढलं. ज्यानं तिकीट काढलं त्याच्यावरच टीका करायची, याला काही लोक कृतघ्नपणा म्हणतील. आमच्या खात्यात त्याला ऑडिट म्हणतात.

आधी या ट्रेलरची कुळकथा ऐका, कारण मला त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो तो तिथूनच. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चपळ गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं एकोणपन्नास दिवसांत नमुना तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधल्या लष्करी तळावर नेऊन उभा केला. हीच पहिली जीप. मग काय झालं? कंपनी लहान, तिच्याच्यानं एवढा माल निघायचा नाही, असं म्हणून जीपची मोठी कंत्राटं विलिस आणि फोर्डकडे गेली आणि बँटमच्या वाट्याला जीपमागचा ट्रेलर आला! मसुदा एकानं करायचा, सही दुसऱ्यानं ठोकायची आणि पहिल्याला फाइल उचलायला ठेवायचं, ही पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असं मी समजत होतो.

पण बँटमनं रागावून काम वाईट केलं नाही. ट्रेलर असा केला की तो भरलेला असतानाही पाण्यावर तरंगे. तळाला भोकं आणि त्यांना बुचं. नदी ओलांडताना बूच लावायचं, पावसात भिजून तळं साचलं की काढायचं. पुढे एम-१५१ नावाची नवी जीप आली, तिच्यासाठी १९६०च्या दशकात एम-४१६ हा ट्रेलर आला. कूळ तेच, ढंग तोच. गंमत म्हणजे एम-१५१ वळणावर उलटते म्हणून ती विकण्याआधी लष्कर तिचे तुकडे करायचं. ट्रेलर मात्र अख्खे बाहेर आले. जीप गेली आणि ट्रेलर राहिला. बँटमच्या आत्म्याला तेवढीच शांती.

भाच्याकडे आहे तो हा एम-४१६. रिकामा असताना सुमारे २६० किलो. पुढे लोखंडी कडं, ते जीपच्या आकड्यात अडकवायचं. गोळ्यावर बसणाऱ्या नेहमीच्या जोडणीपेक्षा ही जोडणी आडव्यातिडव्या वाटेवर जास्त मोकळेपणी वळते, फक्त वाटभर खडखडते. आणि आडवाटेवर वाहायचं ओझं किती? ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. चांगल्या रस्त्यावर थोडं अधिक चालतं. पण ही मंडळी चांगल्या रस्त्यावरून जायला निघालेलीच नसतात.

आता सुधारणेचा जमाखर्च बघा. एका रात्री सगळे झोपल्यावर मी कागद घेतला आणि भाच्यानं काय काय बसवलंय त्याची खतावणी केली. तंबू टांगायची लोखंडी चौकट ४५ किलो. तिच्यावर उलगडणारा तंबू ६०. पाणी साठ लिटर, म्हणजे ६०. बॅटरी ३०. बॅटरीवर चालणारा फ्रीज, आतल्या सामानासह ३२. बेरीज केली तर बरोबर २२७. एक किलो इकडे नाही, तिकडे नाही! बावीस वर्षांत पहिल्या झटक्यात माझी बेरीज अशी कधी जुळली नव्हती.

खातं इथे बंद व्हायला हवं होतं. पण फ्रीजनंतर प्लायवूडचं खणांचं स्वयंपाकघर आहे, ४० किलो. पेट्रोलचे दोन डबे ३८. जादा चाक २५. बाजूला पसरायची ताडपत्री १५. गरम पाण्याच्या अंघोळीचं यंत्र ८. खुर्च्या-टेबल १४. एकूण ३६७. म्हणजे १४० किलोंचा ओव्हरड्राफ्ट, आणि तोही विनातारण. यात कपडे नाहीत, तांदूळ नाहीत आणि भाच्याच्या मुलीचे सहा बाहुले नाहीत.

सकाळी कागद पुढे ठेवला. भाचा हसला. म्हणाला, "मामा, तुला कळत नाही. मिलिटरीचा माल आहे हा. त्याला काही होत नाही."

हा युक्तिवाद तिकडच्या प्रत्येक सुधारकाच्या तोंडी मी ऐकला, म्हणून उत्तर सविस्तर देतो. लष्कराच्या मजबुतीवर तुमचा एवढा विश्वास आहे ना? मग ५०० पौंड हा आकडा त्याच लष्करानं ठरवला आहे. तो काही माझ्या बायकोनं ठरवलेला नाही. पोलादावर विश्वास आणि पाटीवर अविश्वास, असं कसं चालेल? चेकवरची सही खरी धरायची आणि रक्कम मात्र आपल्या सोयीनं वाचायची, हा प्रकार झाला.

दुसरा युक्तिवाद, "पाटे वाढवलेत." वाढवले असतील. पाटे वाढवल्यानं ट्रेलर खाली बसायचा थांबतो एवढंच. आस तोच, चाकं तीच, कडं तेच. गुडघ्याला पट्टा बांधला म्हणून काळीज तरुण होत नाही.

आणि आता ब्रेकचं. भाच्याच्या ट्रेलरला हातानं ओढायचा ब्रेक आहे, तो उभा असताना जागेवर राहावा म्हणून. चालताना लागणारा ब्रेक नाही. कायदाही हटकत नाही, कारण तिकडच्या बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांखालच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेकची सक्ती नाही. म्हणजे उतारावर ट्रेलरचं आणि त्यातल्या सामानाचं सगळं वजन जीपच्या पाठीवर रेटत येतं आणि थांबवायचं काम एकट्या जीपच्या चार चाकांनी करायचं, तेही सुट्या खडीवर. त्यात साठ किलोंचा तंबू सगळ्यांत वर, म्हणजे वाट कडेला कलली की ट्रेलरही कलणार. वजन मागच्या बाजूला जास्त पडलं आणि कड्यावर कमी, तर शेपूट डावी-उजवीकडे हलू लागते. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे कड्यावर यायला हवा, असा तिथला साधा नियम आहे. आमच्याकडचा बैल या बाबतीत शहाणा. ओझं फार झालं की तो मुकाट्यानं बसतो, मग मालक शिव्या देत दोन पोती उतरवतो. जीप बसत नाही. ती जाते. आणि तिच्या मागच्या सीटवर माझी पाच वर्षांची नात पट्टा लावून, बाहुला मांडीवर घेऊन बसलेली असते. म्हणून हा कागद.

मी काही संन्यास घ्या म्हणत नाही. पाण्याला माझी हरकत नाही. वाळवंटात माणशी दिवसाला चार लिटर धरा, चार माणसं, तीन दिवस, झाले ४८ लिटर. मंजूर. औषधांची पेटी मंजूर. भाचेसून दबकत म्हणाली, "मामा, कुकर तरी राहू दे ना?" कुकर तर सन्मानानं मंजूर! दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवायला बसलात तर सुट्टी संपेल, डाळ संपणार नाही. दोन किलोंचा कुकर तिथे यंत्रसामग्रीत मोडतो. पण अंघोळीचं यंत्र? तीन दिवस अंघोळ न केल्यानं कोणी मेल्याचं मी ऐकलेलं नाही. शेजारी नाराज होतात, पण शेजारी नसावेत म्हणूनच तर तुम्ही तिथे गेलात!

सुधारणेला माझा विरोध आहे, दुरुस्तीला मुळीच नाही. दुरुस्ती कराच. बेअरिंगं उघडा, ग्रीस भरा. दिवे बदला, कारण लष्कराची वायरिंग २४ व्होल्टची आणि तुमची गाडी १२ची. जुने दिवे तसेच जोडले तर मागच्याला दिसायचे नाहीत. चाकं जीपच्याच मापाची बसवा, मग जीपला आणि ट्रेलरला मिळून एकच जादा चाक पुरतं. तोंडावर घट्ट ताडपत्री बांधा. लिलावात घेतलात तर 'स्टँडर्ड फॉर्म ९७' मागून घ्या, त्या सरकारी दाखल्याशिवाय नोंदणीच्या खिडकीवर तुमचे हाल होतील, आणि खिडकीच्या आतला माणूस या नात्यानं सांगतो, चूक तुमचीच असेल. आणि रंग खरवडायच्या आधी थांबा. १९८०च्या दशकापासून लष्करानं रासायनिक हल्ल्यात टिकणारा रंग वापरला आहे. त्याच्या खालच्या थरात क्रोमियमची विषारी जात असू शकते, त्याची धूळ आणि त्याच्यावर वेल्डिंग केल्यावर निघणारा धूर, दोन्ही फुप्फुसाला घातक. आणि तो हिरवा कोणता, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. भाचा अंगणात उघड्या नाकानं पॉलिशकागद घासत होता. तो कागद मी हातातून काढून घेतला, तेव्हा मात्र तो हसला नाही.

एवढं झालं की हात धुवा. तळाला भोकं पाडू नका. ऐंशी वर्षांपूर्वी ज्यांनी तरंगणारा डबा केला, त्यांच्या डब्याला खण ठोकायला बारा भोकं पाडून तुम्ही तो बुडणारा केलात, याला सुधारणा कोणत्या कोशात म्हणतात?

खरी चैन तिकडे फुकट पडली आहे. तिथल्या सरकारी भूमी-व्यवस्थापन खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. तिच्यावर बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो. पावती नाही, अनामत नाही! आम्ही युटातल्या लाल खडकांत दोन रात्री राहिलो. त्या दोन रात्रींतला पहिला दीड तास तंबू, चौकट, ताडपत्री आणि टेबल उभं करण्यात गेला, शेवटचा दीड तास ते पाडण्यात, आणि मधल्या वेळात फ्रीजची बॅटरी उतरते आहे का ते बघण्यात. सूर्यास्ताच्या वेळी आम्ही पाचही जण बॅटरीच्या डब्यावर वाकलो होतो.

म्हणून माझी मागणी एवढीच. तिकडे महामार्गावरच्या ट्रक-थांब्यांवर वजनकाटे असतात, थोड्या डॉलरांत छापील पावती मिळते. पुढच्या खेपेला निघण्याआधी भरलेला ट्रेलर काट्यावर उभा करायचा, रिकाम्याचे २६० वजा करायचे, आणि बाकी २२७च्या वर आली की तिथेच एकेक वस्तू उतरवत जायची. सुरुवात अंघोळीच्या यंत्रापासून. भाच्याला हे मान्य नसेल तर त्यानं वाद घालावा, मी ऐकून घेईन. फक्त आधी पावती पाठवावी.