हिरव्या दिव्याची मुदत

ज्या शहरात पुणे, दौंड, सोलापूर, जामखेड, पाथर्डी, छत्रपती संभाजीनगर, मनमाड आणि कल्याण अशा आठ वाटांचे मोठे रस्ते येऊन मिळतात, आणि जेथून उत्तरेकडचा माल दक्षिणेस व दक्षिणेकडचा उत्तरेस अहोरात्र जात असतो, त्या शहराच्या चौकांवर अवजड वाहनांचा वरचष्मा असावा, हे समजण्याजोगे आहे. परंतु पोटापाण्यासाठी तेच चौक रोज ओलांडणाऱ्या सायकलस्वाराला रस्ता पार करण्यापुरताही अवधी मिळू नये, याचे समर्थन कोणत्याही न्यायाने करता येणार नाही. २०२४ साली ज्याचे नाव सरकारदरबारी अहिल्यानगर झाले आणि ज्याला जुनी माणसे बोलता बोलता अद्याप नुसते नगर म्हणून जातात, त्या या शहराविषयी मी लिहीत आहे. पण जिल्ह्यातील ज्या ज्या गावी चौकात दिवे उभे राहिले आहेत किंवा पुढेमागे राहतील, तेथेही हीच कैफियत लागू पडेल.

मनमाड रस्त्यावर सावेडीच्या अंगाला सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे नागापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे पहिल्या पाळीला निघालेली माणसे दिसू लागतात. त्यांतील बहुतेक आज मोटारसायकलवर असतात हे खरे. तथापि हँडलला डब्याची पिशवी अडकवून सायकल मारणारे रखवालदार, ठेकेदाराकडचे हंगामी मजूर, हॉटेलांत भांडी घासायला जाणारी पोरे, घरोघर वर्तमानपत्रे टाकून परतणारे विद्यार्थी आणि कॅरियरच्या दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या लावलेले गवळी यांचा एक क्षीण पण अखंड प्रवाह त्या गर्दीच्या डाव्या कडेने वाहत असतो, आणि थोड्या वेळाने त्यांत शाळेच्या गणवेशातील मुलामुलींची भर पडते. हे लोक कोणाकडे अर्ज घेऊन जात नाहीत, त्यांची संघटना नाही, आणि त्यांच्या वतीने कोणी निवेदन दिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

आडव्या रस्त्याने येऊन हा मोठा रस्ता ओलांडू पाहणाऱ्या सायकलस्वाराची अवस्था एकदा बारकाईने पाहावी. तांबड्या दिव्यापाशी तो एक पाय जमिनीवर टेकवून आणि दुसऱ्या पायाने पायडल वर घेऊन उभा असतो. दिव्याशेजारचे आकडे उलटे मोजत तीनावर आले, की मागच्या दुचाक्या दिवा हिरवा होण्यापूर्वीच त्याच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकतात. दिवा पडतो तेव्हा त्याला पहिले पायडल मारायला सरळ जागा उरलेली नसते, म्हणून तो हँडल दोन-तीनदा वाकडेतिकडे करीत तोल सावरतो आणि मग सीटवर बसतो. इतक्यात डावीकडे वळायची मुभा असलेली एखादी रिक्षा त्याच्या पुढच्या चाकाला घासून आडवी जाते, त्याला ब्रेक दाबावा लागतो, आणि मोठ्या कष्टाने मिळविलेली गती पुन्हा शून्यावर येते. तो रस्त्याच्या मध्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच दिवा पिवळा होतो; आणि उसाचा हंगाम असेल, तर समोर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कर्णा वाजवीत सुटायच्या तयारीत उभा असतो, ज्याच्या चालकाला मागच्या ओझ्यामुळे एकदा सुटल्यावर चटकन थांबता येत नाही, हे सायकलवाल्यालाही ठाऊक असते. अशा वेळी वयस्क माणसे खाली उतरून, सायकल हाताने ढकलीत, धावत पलीकडची कड गाठतात. साठीच्या माणसाला भर चौकात असे धावताना पाहून ज्याला काही वाटत नाही, त्याच्याशी या विषयावर अधिक बोलण्यात अर्थ नाही.

यात दोष कोणाच्या दुष्टाव्याचा नसून हिशेबाचा आहे, आणि हिशेबाचा दोष हिशेबानेच दाखविता येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते, म्हणजे पिवळा दिवा ३ सेकंदांचा धरला तर त्या अवधीत ती ३३ मीटरांचा चौक सहज मागे टाकते. ताशी १४ किलोमीटर चालणारी सायकल त्याच ३ सेकंदांत १२ मीटरही पार करीत नाही. याचा अर्थ असा, की पिवळ्या दिव्याने मोटारीला दिलेली सूचना ही खरोखरीच निघून जाण्याची सूचना असते, आणि तोच दिवा सायकलस्वाराला मात्र चौकाच्या ऐन मध्यभागी एकटे गाठतो.

हिरव्या दिव्याचेही तसेच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाची रीतसर दखल घेऊन २००९ साली एक साधे सूत्र आपल्या अभियंत्यांना घालून दिले: सायकलस्वाराला भान येऊन गती घेण्यासाठी ६ सेकंद धरावेत, आणि थांबण्याच्या पट्टीपासून पलीकडच्या कडेपर्यंतच्या अंतरात सायकलची लांबी मिळवून ते अंतर ताशी १६ किलोमीटरच्या वेगाने कापण्यास लागणारा अवधी त्यात जोडावा, हिरवा, पिवळा आणि त्यानंतरचा सर्व बाजूंनी तांबडा असा सगळा काळ मिळून यापेक्षा कमी असू नये. ३० मीटरांच्या चौकासाठी हे गणित सुमारे १३ सेकंदांवर येते. पण ते तेथील सडपातळ सायकलींसाठी आहे. आपल्याकडची जुनी, जड, कॅरियरवर ओझे घेतलेली सायकल ताशी १२ किलोमीटर चालते असे धरले, तर तोच चौक ओलांडायला १५ ते १६ सेकंद हवेत. आणि हा हिशेब रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या स्वारापुरता झाला, चार रिक्षांच्या मागे अडकलेल्या स्वाराची बातच वेगळी.

आडव्या रस्त्याला हिरवा दिवा आखूड का मिळतो, याचे कारण मोजणीच्या शिरस्त्यात आहे. चौकाचा आराखडा करताना वाहने जशीच्या तशी मोजीत नाहीत. मोटारगाडी एक धरून इतर वाहनांना तिच्या प्रमाणात अंश देतात, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत सायकलला अर्ध्याहून अधिक अंश नाही. जागेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण सायकल जागा थोडी अडवते. परंतु जागेचा हा अंश पुढे नकळत वेळेचाही अंश होऊन बसतो: ज्या वाटेने सायकली व पादचारी पुष्कळ आणि मोटारी थोड्या येतात, त्या वाटेची बेरीज कागदावर लहान दिसते, बेरीज लहान म्हणून हिरव्या दिव्याची मुदत लहान, आणि मुदत लहान म्हणून ज्याला ओलांडायला सर्वांत अधिक वेळ लागतो त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी वेळ येतो. जागा थोडी व्यापणाऱ्याला वेळ अधिक लागू शकतो, ही गोष्ट त्या बेरजेत कोठेच उमटत नाही. पायी चालणाऱ्यासाठी सेकंदाला १.२ मीटर हा वेग अभियंते निदान गृहीत धरतात. सायकलस्वार मात्र मोटारीत धरला जात नाही आणि पादचाऱ्यातही नाही.

सरकारच्या दप्तरातून सायकल अशी पूर्वी कधी नाहीशी झालेली नव्हती. आमच्या आधीच्या पिढीच्या काळात सायकलीला नगरपालिकेचा कर होता, कर भरल्याचा पितळी बिल्ला हँडलखाली लावावा लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसविले तर पोलीस शिपाई अडवून दंड करी. आणि त्या जाचाविषयी कितीही कुरकूर झाली असली, तरी सायकल चालविणारा इसम हा रस्त्याचा हक्कदार आहे, ही गोष्ट त्या कराने आणि त्या दंडानेच मान्य केलेली होती. या शहराचे सायकलीशी आणखीही एक नाते आहे. १९७२ साली बाजारात आलेली लुना येथल्या कायनेटिकच्या कारखान्यात तयार होई. इंजिन बंद पडले तर पायडल मारून घरी नेता येणारे ते वाहन, सायकलच्या पलीकडे जाऊ पाहणाऱ्या पण मोटारसायकल न परवडणाऱ्या माणसाचा विचार करून घडविले गेले होते. ज्या गावाने अल्प मिळकतीच्या माणसाच्या वाहनाचा असा विचार एकदा केला, त्या गावाला त्याच्या सायकलीचा विचार करणे जड जाऊ नये.

चौकातील दिव्याचा उगमही येथे आठवण्यासारखा आहे. १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटसमोर गॅसवर चालणारा पहिला दिवा उभारला गेला तो घोडागाड्या अधिक वेगाने धावाव्यात म्हणून नव्हे, तर गाड्यांच्या त्या गर्दीतून पायी जाणाऱ्यांना सुखरूप पलीकडे जाता यावे म्हणून. वेगवान वाहनाला थोपवून मंद गतीच्या माणसाला वाट देणे हे या यंत्राचे मूळ प्रयोजन होते, आणि मध्यंतरीच्या दीडशे वर्षांत आपण ते जवळजवळ उलटे करून टाकले आहे.

सायकलवाले स्वतःच सिग्नल पाळत नाहीत, ही तक्रार मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. तांबडा दिवा असताना रस्ता मोकळा पाहून निघणारे सायकलस्वार मी नित्य पाहतो. पण ते असे का निघतात याचा विचार केला, तर उत्तर बेशिस्तीपाशी थांबत नाही: हिरवा दिवा पडल्यावर चोहोंकडून सुटणाऱ्या दुचाक्यांच्या लोंढ्यात सापडण्यापेक्षा त्याआधी चार-पाच सेकंद मोकळ्या चौकातून निघून जाणे त्यांना अधिक निर्धोक वाटते, आणि त्यांचा हा अनुभव पुष्कळदा खरा असतो. अमेरिकेतीलच आयडाहो राज्याने सायकलस्वाराला तांबड्या दिव्यापाशी थांबून, वाट मोकळी आहे असे पाहून पुढे जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे. ती सवलत आपल्याकडे आणावी असे मी म्हणणार नाही, कारण तिचा फायदा पाहता पाहता मोटारसायकली उठवतील आणि सायकलस्वार आहे त्याहून अधिक असुरक्षित होईल. आपल्याला पेलेल असा उपाय दुसरा आहे, आणि तो असा, की कायदा पाळणाऱ्या सायकलस्वाराला कायदा पाळून सुखरूप पलीकडे पोहोचता यावे इतका अवधी दिव्याने द्यावा. मग जो तरीही नियम मोडील, त्याला खुशाल दंड करावा.

याने वाहतूक तुंबेल, असे म्हणणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. दिव्यांचे एक आवर्तन १२० सेकंदांचे असेल आणि आडव्या रस्त्याची मुदत ५ सेकंदांनी वाढविली, तर तासाभराच्या ३० आवर्तनांत मिळून मोठ्या रस्त्याकडून १५० सेकंद घेतले जातात, म्हणजे तासातील अडीच मिनिटे. भारतात दरवर्षी ४ हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर प्राण गमावतात. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामाला जाणाऱ्या दर १०० माणसांपैकी सुमारे १३ सायकलने जाणारी आढळली होती. आणि रस्त्यावर वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यावे, हे तत्त्व केंद्र सरकारने २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातच स्वीकारलेले आहे. शहराच्या स्टेशन रस्त्यावर २०२२ साली उड्डाणपूल खुला झाला तो वरून जाणाऱ्या वाहनांची मिनिटे वाचावीत म्हणून, आणि ती वाचलीही. वरच्यांसाठी एवढा खर्च करणाऱ्यांनी खालच्यांसाठी अडीच मिनिटे खर्ची घालण्यास हरकत घेऊ नये.

हे करण्यास नवे यंत्र लागत नाही. दिव्यांच्या पेटीत दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरांसाठी निरनिराळी मुदत लावता येते; तेव्हा पाळी बदलण्याच्या आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी आडव्या रस्त्याला १६ सेकंदांहून कमी काळ मिळणार नाही, अशी तजवीज एका हुकमाने होऊ शकते. पिवळ्यानंतर सर्व बाजूंना दोन-तीन सेकंद तांबडा ठेवला, तर मध्यावर सापडलेला माणूस तेवढ्यात बाहेर पडतो. थांबण्याच्या पट्टीपुढे सायकलींसाठी चार मीटरांची जागा रंगवून राखली, म्हणजे त्या मोटारसायकलींच्या पुढे, चालकांच्या नजरेसमोर उभ्या राहतील. मात्र या जागेत दुचाक्या घुसणार नाहीत याचा बंदोबस्त पहिले काही महिने पोलिसांनी चौकात उभे राहून करावा लागेल, नाहीतर रंगाचा खर्च फुकट जाईल. डावीकडे वळणाऱ्या मोकळ्या वाटेचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की शाळांजवळच्या चौकांत ती मुभा काढूनच घ्यावी.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे हे काम जाते, आणि वाहतूक शाखा, महानगरपालिका व रस्त्याचे मालक असलेले खाते ही सारी त्या समितीत एकत्र बसतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नाही. समितीने पत्रकार चौक, प्रेमदान चौक आणि डीएसपी चौक हे तीन चौक प्रथम घ्यावेत. तेथे एका कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ सायकली मोजून घ्याव्यात, त्यांना अंश न लावता. आणि साठीचा एक माणूस, कॅरियरवर दहा-बारा किलोंचे ओझे असलेली साधी सायकल व एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर प्रत्येक चौकाची रुजवात घेऊन तेवढी मुदत दिव्यांना लावून द्यावी. जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी हे उरकता येण्यासारखे आहे.