आधी घातांक पाहावा

इतिहासाच्या शिक्षकाने गणितावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासवर्गात एक चूक मला वारंवार दिसते आणि ती केवळ गणिताची चूक आहे, असे मी मानत नाही.

पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ५.९७ × १० चा २४ वा घात किलोग्रॅम आणि सूर्याचे १.९९ × १० चा ३० वा घात किलोग्रॅम. मोठे कोणते, असे विचारताच कित्येक मुले पृथ्वी म्हणतात. कारण ५ हा १ पेक्षा मोठा! वस्तुतः सूर्य पृथ्वीच्या सुमारे ३ लाख ३३ हजार पट आहे. संख्या वैज्ञानिक रूपात असतील, तर आधी घातांक पाहावा. घातांक समान असतील तरच पुढचा गुणक पाहावा. ऋण घातांकांतही हेच: उणे ६ हा उणे ७ हून मोठा.

काही पालक म्हणतात, परीक्षेपुरता नियम पाठ असला की झाले. मला हे पटत नाही. गुणक नेहमी १० हून लहानच राहतो आणि घातांक एकाने वाढला की संख्या दसपट होते, हे कारण मुलाने स्वतः पडताळले पाहिजे. गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका, हा कालामसुत्ताचा उपदेश गणिताच्या तासालाही लागू आहे. मोठ्या संख्यांचे भय तर आपल्या परंपरेला कधीच नव्हते. ललितविस्तरात बोधिसत्त्व गणितज्ञ अर्जुनाला कोटीपासून शतपटीने वाढणाऱ्या संख्या सांगतो. त्यांतील 'तल्लक्षण' म्हणजे १० चा ५३ वा घात.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केले. हक्काच्या लढ्याला आकड्यांचे ज्ञान लागते, हे त्यांनी कृतीने दाखविले. समजा, एका योजनेला ९ हजार कोटी आणि दुसरीला १.२ लाख कोटी रुपये मिळाले. पहिली रक्कम ९ × १० चा १० वा घात, दुसरी १.२ × १० चा १२ वा घात. म्हणजे तेरा पटींहून अधिक. '९' पाहून जो समाधान मानतो, त्याला आपला वाटा किती हे नेहमी दुसऱ्याकडूनच ऐकावे लागते.

माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच: देणगी अवश्य द्या, पण वर्षातून एक सायंकाळ अभ्यासवर्गात बसा, आणि मुलांना उत्तर सांगण्याऐवजी 'कशावरून?' असे विचारा.