तट्टाची तालीम



'भीमथडीचे तट्टू' हे शब्द तुमच्या कानांवरून गेले असतील. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ती बुटकी, काटक घोडी. मराठ्यांचे घोडदळ त्यांच्यावर स्वार होऊन मुलखामागून मुलूख पालथा घालायचे. आज ज्याची गोष्ट सांगणार आहे ते तट्टू मात्र ब्रिटनमधले आहे. तिकडे 'पोनी क्लब' नावाची मुलांची संघटना १९२९ पासून चालू आहे. तुमच्याच वयाची मुले-मुली तट्टावर बसून माळरानातून दौडतात. वाटेत आडवे ओंडके, चर, पाणी, उंचवटे. ते ओलांडत शेवट गाठायचा. याला म्हणतात क्रॉस-कंट्री. (मोठ्यांच्या 'इव्हेंटिंग' या खेळातही अशी एक दौड असते. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये आपल्या रघुबीर सिंग यांनी त्यात सुवर्णपदक मिळवले होते.)

आणि हो, तट्टू म्हणजे घोड्याचे पिल्लू नव्हे हं! पिल्लू ते शिंगरू. तट्टू पूर्ण वाढलेलेच असते, फक्त उंचीला कमी. खांद्यापाशी मोजले तर साधारण १४८ सेंटिमीटरपर्यंत.

आता समजा, तुमचे तट्टू सगळा हिवाळा कुरणात चरले आहे. पोट सुटलंय, अंगावर केसांची गोधडी आहे. दौड तीन महिन्यांवर आली. काय कराल? वर्गात विचारलं तर पन्नास पोरं एका आवाजात ओरडतील, "पळवू!"

चूक. पहिले तीन-चार आठवडे त्याला फक्त चालवायचे. त्याआधी नालबंदाकडून खूर नीट करून घ्यायचे, दात आणि जंत तपासून घ्यायचे. मग रोज वीस मिनिटे चाल, हळूहळू वाढवत तास-सव्वा तास. कंटाळवाणे वाटते खरे! पण ढेंगा टाकत, झपाझप चालले पाहिजे, रमतगमत नव्हे. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून थोडी थोडी दुडकी चाल, मग चढण. त्यानंतर कुठे हलकी दौड आणि लहान उड्या. असे दहा-बारा आठवडे जातात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी.

एवढा उशीर कशाला? घोड्याच्या पुढच्या पायाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. गुडघ्याच्या खाली त्याला मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. हाडे, कातडी आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्या, म्हणजे कंडरा. उडी मारून उतरताना क्षणभर एकाच पुढच्या पायावर सबंध अंगाच्या वजनाहूनही जास्त भार येतो, तो या दोऱ्या पेलतात.

खरी गोम इथेच आहे. मेहनत सुरू केली की हृदय, फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडे आणि कंडरा मात्र सावकाश, महिने घेऊन घट्ट होतात. त्यामुळे सहाव्या आठवड्यात तट्टू धापा टाकत नाही, लगाम ओढून पुढे धाव घेते. तुम्हाला वाटते, झाले तयार! छाती तयार झालेली असते, पाय नाही.

म्हणून खरारा करताना रोज सकाळी चारही पायांवरून हात फिरवायचा. कुठे ऊब लागते का, सूज आहे का, डावा-उजवा सारखा आहे का? आता असं समजा, दौडीचा दिवस उजाडला. फी भरली आहे, मैत्रिणी निघाल्या आहेत, बाबांनी रजा काढली आहे. आणि एक पाय गरम लागतो. तट्टू लंगडत नाही, मजेत वैरण खाते आहे. त्याला बोलता येत नाही. त्या दिवशी पळवले तर कंडरा फाटू शकते. मग भरून यायला आठ-दहा महिने, कधी वर्षही, आणि पहिल्यासारखी मजबुती बहुधा येत नाही. त्या सकाळी 'आज आम्ही येत नाही' असे सांगायचे आणि पशुवैद्याला बोलवायचे. पालकहो, अशा वेळी मुलांच्या बाजूने उभे राहाल ना?

चंदीचेही तसेच. आधी मेहनत वाढवायची, मग दाणा. पूर्वी युरोपात नांगराचे, गाड्यांचे मोठे घोडे रविवारी उभे राहायचे, पण चंदी पूर्ण खायचे. सोमवारी कामाला जुंपले की अंग आखडून जागच्या जागी थांबायचे. त्या दुखण्याला 'सोमवारचा आजार' असेच नाव पडले. (तुमच्यापैकी काही जणांना होतो तो सोमवारचा आजार वेगळा!) म्हणून सुट्टीच्या दिवशी दाणा कमी, गवत भरपूर. पोटही लहान असते, तेव्हा थोडे थोडे, पुष्कळ वेळा.

एक गंमत सांगू? घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. आणि भरधाव धावताना दर झेपेला एकच श्वास. जास्तीचे रक्त त्याच्या प्लीहेत साठवलेले असते. धावू लागला की ते रक्तप्रवाहात सोडले जाते. आपल्याकडे एवढी मोठी सोय नाही.

तट्टू किती तयार झाले हे नाडीवरून कळते. जबड्याच्या खालच्या कडेला बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचे. शांत उभे असताना मिनिटाला साधारण २८ ते ४४. जोरात दौडताना दोनशेच्या पुढेही जातात! पण महत्त्वाचे ते पुढचे. थांबल्यावर दहा मिनिटांनी ठोके साठीच्या आसपास आले, तर तालीम बरोबर चालली आहे. तेव्हाही नव्वदच्या वर असले तर आजची मेहनत जास्त झाली, उद्या कमी करा.

तुमच्याकडे तट्टू नसेल, पण मनगट आहे. शांत बसून नाडी मोजा. मैदानाला दोन फेऱ्या मारा, पुन्हा मोजा. मग दर दोन मिनिटांनी मोजत वहीत मांडा. पहिल्या आकड्यावर यायला किती वेळ लागला? महिनाभर रोज धावून पुन्हा हाच प्रयोग करा आणि दोन्ही आकडे मला पत्राने कळवा.