घरचा रिठा आणि फवारणीचे कपडे



साबण-पावडरीचा खर्च वाढला, घरी काही करता येईल का, असे बहिणी विचारतात. करता येते. १५-२० रिठे फोडून बिया काढाव्यात. टरफले १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी उकळून, कुस्करून गाळून घ्यावीत. रिठ्यातील सॅपोनिनमुळे फेस येतो, आणि विहिरीच्या जड पाण्यातही साबणासारखा चोथा धरत नाही. मुलांचे व लोकरीचे कपडे यात चांगले निघतात. हे पाणी दोन-तीन दिवसांत संपवावे, डोळ्यांत जाऊ देऊ नये. मार्कंडेय नदीत किंवा ओढ्यातही ओतू नये. माशांना ते विष आहे.

१९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरी पावडर बनवून ‘निरमा’ उभी केली, हे खरे. पण ते रसायनशास्त्र शिकलेले होते. कॉस्टिक सोडा आणून आपण घरी प्रयोग करू नये. त्याने कातडी जळते, डोळा जातो.

माझा खरा आग्रह निराळा आहे. बटाट्यावर, भातावर औषध फवारताना घातलेले कपडे रिठ्यात टाकू नयेत. त्यांना गरम पाणी व कडक पावडरच हवी. ते घरच्या कपड्यांत न मिसळता, त्याच दिवशी, हातमोजे घालून, विहिरीपासून दूर, वेगळ्या बादलीत धुवावेत व उन्हात वाळवावेत.

हे कपडे धुणारी बहुधा आपली आई, पत्नी किंवा सून असते. काटकसर रोजच्या धुण्यात जरूर करू. तिच्या जिवावर नको.