साठ बादल्या माती

आमच्या क्वार्टरच्या मागच्या दारी कुदळ मारली की आधी मनगटाला झिणझिण्या येतात. वरची चार बोटं माती, खाली सगळा मुरूम. छत्तीसगढी लोक अशा जमिनीला भाठा म्हणतात. पिवळसर, हलकी ती मटासी आणि काळी चिकण ती कन्हार. भिलाईच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्या काळात वसलेल्या सेक्टरांतल्या आमच्यासारख्या जुन्या क्वार्टरांना मागे मोकळी जागा आहे. इथे तिला बारी म्हणतात, आपली वाडीच ती. सासूबाई वर्ध्याकडच्या. त्यांनी आल्या आल्या नळाखाली अळू लावला आणि कुंपणावर तोंडलीचा वेल चढवला. इथल्या बाजारात तोंडली म्हणून मागू नका, कुंदरू म्हणा.

मुरमात भाजी नीट येईना, म्हणून गादीवाफे केले. आठ फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट उंच. नुसत्या विटा रचल्या, सिमेंट नाही. रुंदी चार फुटांहून जास्त ठेवू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि मातीवर पाय द्यावा लागत नाही. हिशेब मात्र आधी करा. एवढ्या वाफ्याला बत्तीस घनफूट माती लागते, म्हणजे सुमारे नऊशे लिटर. पंधरा लिटरच्या साठ बादल्या! आम्ही हा हिशेब केला नव्हता. शिवाय पहिल्या वर्षी हौसेनं सगळी काळी कन्हारच भरली. श्रावणात तिचा चिखल झाला, मिरचीची रोपं मुळाशी कुजली आणि ऑक्टोबरात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. आता दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू व गिरणीतला जळका तूस. तांदळाचा मुलूख आहे, तुसाला तोटा नाही.

गादीवाफ्याचं फार कौतुक वाचायला मिळतं, पण ते पावसाळ्यापुरतं खरं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा उंच माती चारी बाजूंनी तापते आणि सकाळचं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. म्हणून वर भाताचा पेंढा चार बोटं जाड अंथरायचा. इथे त्याला पैरा म्हणतात. तरीही उन्हाळ्यात मी एकच वाफा चालू ठेवते. त्यात लाल भाजी असते, महिन्याभरात ताटात येते. अंबाडी पावसाच्या तोंडावर पेरायची. छत्तीसगढी शेजारणी तिला अमारी म्हणतात आणि माझ्याहून चांगली करतात.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचे गुडघे गेले. खाली बसणं बंद झालं आणि त्या वाफ्यांकडे नुसत्या बघत राहायला लागल्या. ते मला बघवेना. मग जुन्या दाराची फळी काढून यांनी टेबल केलं. उंची अठ्ठावीस इंच, म्हणजे खुर्चीवर बसून कोपर सहज टेकतं. उभं राहून काम करणाऱ्यांनी पस्तीस-छत्तीस इंच धरावी. तीन बाजूंना बोटभर उंच पट्टी, म्हणजे माती सांडत नाही. खाली एक आडवी फळी, तिच्यावर तुसाचं पोतं आणि खुरपी. पहिल्या दिवशी सासूबाईंनी त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, "हं, आता जमंल."

आत्ता तिथेच टोमॅटोची रोपं आहेत, कागदी कपांत, चार-चार पानांवर. येत्या आठवड्यात लावायची. पण यांची निवृत्ती फेब्रुवारीत आहे, क्वार्टर सोडावं लागेल. टेबल नेता येईल, विटाही नेता येतील. नागपूरच्या फ्लॅटला गॅलरी आहे, सहा बाय चार. टोमॅटो तोपर्यंत खाऊन होतील, पण सुरणाचं काय? तो दिवाळीलाच काढावा लागेल. कुंदरू शेजारीण नेणार म्हणते. कुंपण एकच आहे, तिला फक्त दुसऱ्या बाजूनं तोडायचं.

परवा सासूबाई कप भरता भरता म्हणाल्या, "टेम्पोत माती किती बसंल गं?"

मी म्हटलं, "साठ बादल्या नाही बसायच्या, आई."

"तीस?"



यांना विचारलं. ते टेम्पोवाल्याचा नंबर शोधत आहेत.