भावाच्या हाडातील मज्जा

गेल्या महिन्यात रविवारचे मिस्साबलिदान आटोपून आम्ही चर्चच्या ओट्यावर उभे असता आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध आजीबाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या धाकट्या नातवास रक्ताचा कर्करोग झाला असून थोरल्या नातवाची मज्जा त्यास देण्याचे डॉक्टरांनी ठरविले आहे. भावाशी भाऊ जुळला, ही घरात आनंदाची वार्ता व्हावयाची. पण आजीबाई रडकुंडीस आल्या होत्या. "फादर, एकाला वाचवायला दुसऱ्याचा पाठीचा कणा पोखरायचा, हे तुम्हांला पटतं का? उद्या पोरगा पांगळा झाला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

त्या दिवशी आम्ही त्यांची समजूत घातली, परंतु घाईघाईने. त्यांच्यासारखी शंका आणखी किती घरांत असेल कोण जाणे, म्हणून आज या स्तंभात तोच विषय जरा सविस्तर घेत आहोत.

आजीबाईंची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचे मूळ आपल्या भाषेतच आहे. मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारा जो तंतूंचा जाड दोर, त्यास आपण मज्जारज्जू म्हणतो. आणि हाडाच्या पोकळीतील मऊ गाभ्यासही मज्जाच म्हणतो. नाव एक, वस्तू दोन. डॉक्टर काढतात ती दुसरी. सणासुदीस ज्यांच्या घरी मटण शिजते त्यांनी नळी फोडून हा गाभा चाखलेला आहे; त्यांस अधिक सांगणे नको. ती काढताना मज्जारज्जूस कोणी हात लावीत नाही. दात्यास भूल देऊन कंबरेच्या मागील रुंद हाडात सुई घालतात आणि मज्जा ओढून घेतात. काही दिवस कंबर ठणकते, थकवा वाटतो. थोड्याच आठवड्यांत काढलेली मज्जा पुन्हा भरून येते. मोठ्या माणसांच्या बाबतीत हल्ली पुष्कळदा हाडास सुई लावीतही नाहीत. दात्यास चारपाच दिवस एक औषध टोचतात, त्यायोगे मज्जेतील मूलपेशी रक्तात उतरतात. मग दंडातील शिरेतून रक्त यंत्रात घेऊन त्या पेशी तेवढ्या वेगळ्या काढतात व उरलेले रक्त परत शरीरात सोडतात. भुलीचा जो अल्पसा धोका प्रत्येक शस्त्रक्रियेत असतो तो येथेही आहे, हे आम्ही लपवीत नाही.

आता या मूलपेशी म्हणजे काय? आपल्या रक्तातील पेशी अल्पायुषी असतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, कित्येक पांढऱ्या पेशी तर काही दिवसांतच संपतात. ही तूट मज्जा भरून काढते. केवळ तांबड्या पेशीच ती दर सेकंदास वीस लाखांहून अधिक तयार करते. हे सारे ज्या थोड्या पेशींपासून निपजते त्या मूलपेशी. 1961 साली कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककुलक या दोघांनी उंदरांवरील प्रयोगांतून त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा दिला. बियाणे चांगले असेल तर ओसाड शेतही पुन्हा पिकते, तद्वत् निरोगी मूलपेशी मिळाल्या तर नष्ट झालेली मज्जा पुन्हा उभी राहू शकते.

त्यापूर्वीच, 1958 साली, एका अपघाताने या कल्पनेची परीक्षा पाहिली होती. तेव्हाच्या युगोस्लाव्हियात बेलग्रेडजवळ विंचा या गावी अणुसंशोधनाची संस्था होती. 15 ऑक्टोबर 1958 रोजी तेथील अणुभट्टी ताब्याबाहेर गेली आणि तेथे असलेल्या सहा जणांच्या शरीरांतून घातक किरण गेले. त्यांतील बहुतेक विद्यार्थिदशेतील तरुण होते. त्यांना विमानाने पॅरिसला क्युरी संस्थेच्या रुग्णालयात नेण्यात आले. हळूहळू त्यांच्या रक्तातील पेशी संपत चालल्या. तेथील डॉक्टर जॉर्ज माते यांनी परक्या माणसाची मज्जा देण्याचा विचार मांडला. पाच जणांना ती देण्यात आली, आणि ती दिली कोणी? ज्यांची रोग्यांशी ओळख ना देख, भाषाही निराळी, अशा फ्रेंच माणसांनी. त्यांत एक स्त्री होती व स्वतः एक डॉक्टरही होते. दात्याचे पुढे काय होईल हे तेव्हा कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. पाचांपैकी एक दगावला, चौघे घरी परतले. खरे सांगावयाचे तर ती परकी मज्जा त्यांच्या शरीरात कायमची रुजली नाही. काही काळाने त्यांची स्वतःची मज्जा सावरली, आणि त्यांचे प्राण वाचण्यात परक्या मज्जेचा वाटा किती यावर जाणत्यांत मतभेद आहे.

माते यांनी पुढे 1963 साली रक्ताचा कर्करोग झालेल्या एका तरुण डॉक्टराची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास घरच्या सहा माणसांची मज्जा दिली होती. या वेळी ती रुजली. कर्करोग नाहीसा झाला, तो परत आला नाही. परंतु दुसराच आजार सुरू झाला. त्वचा, आतडी, यकृत यांवर आलेल्या मज्जेतील पेशीच हल्ला करू लागल्या, आणि सुमारे वीस महिन्यांनी तो मनुष्य वारला. एकाच शरीरात एकाच पेशींचे तारक आणि मारक असे दोन्ही रूप दिसले. त्यानंतरच्या साठ वर्षांतील संशोधन म्हणजे या दोहोंची फारकत कशी करावी याचाच शोध होय, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

हल्ला करणाऱ्या या पेशींना टी पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तेथे त्या तयार होतात म्हणून हे नाव. या ग्रंथीचे कार्य जॅक मिलर यांनी 1961 साली दाखवून दिले. टी पेशी म्हणजे शरीराच्या राखणदार. प्रत्येक पेशीच्या अंगावर जी ओळखीची खूण असते ती पाहून घरचा कोण आणि परका कोण हे त्या ठरवितात. ही खूण पॅरिसचेच झाँ दोसे यांनी 1958 साली हुडकली व त्याबद्दल 1980 साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आता परगावचा राखणदार आणून वाड्यावर ठेवला तर काय होईल? चोराला तर तो धरीलच, पण घरधन्यालाही काठी हाणील. म्हणून खुणा जुळाव्या लागतात. हे जुळणे रक्तगटाचे नव्हे. मूल अर्ध्या खुणा आईकडून घेते, अर्ध्या बापाकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. दोनतीन मुलांच्या घरात अनेकदा कोणीच जुळत नाही, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. "माझंच रक्त माझ्या लेकराच्या कामी येईना," असे म्हणून कपाळ बडवून घेणाऱ्या एक माता आम्ही पाहिल्या आहेत.

आरंभीची वर्षे फार वाईट गेली. दोनशेंहून अधिक प्रत्यारोपणांचा हिशेब 1970 साली मांडण्यात आला तेव्हा त्यांतील बहुतेक रोगी वारले होते. पुष्कळ डॉक्टरांनी नाद सोडला. अमेरिकेतील डोनाल थॉमस यांनी सोडला नाही. सिॲटल येथे ते कुत्र्यांवर प्रयोग करीत राहिले. 1977 साली त्यांच्या चमूने शंभर रोग्यांची माहिती दिली. इतर सर्व उपाय थकलेले हे रोगी. त्यांतील तेरा रोगमुक्त जगत होते. तेरा हा आकडा लहान वाटेल. पण ज्या रोग्यांचा मृत्यू निश्चित मानला होता त्यांतील ते तेरा होते. थॉमस यांस 1990 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आपल्या बाजूस ही विद्या यावयास फार उशीर लागला नाही. 1983 साली मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका मुलीस तिच्या भावाची मज्जा दिली. डॉ. अडवाणी स्वतः लहानपणच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून रोगी तपासतात.

मग टी पेशीच काढून टाकल्या तर? हा विचार कोणासही सुचेल, आणि 1980 नंतरच्या दशकात तसे करूनही पाहिले. दिलेल्या मज्जेतून टी पेशी गाळून घेतल्या. शरीरावरचा हल्ला कमी झाला खरा. पण कर्करोग अधिक वेळा परत येऊ लागला, आणि मज्जा रुजेनाशी झाली. राखणदार हाकलून लावला तेव्हा चोर पुन्हा शिरला. उलट 1990 साली जर्मनीतील म्यूनिक येथे, प्रत्यारोपणानंतर रोग उलटलेल्या काही रोग्यांस दात्याच्या पांढऱ्या पेशी टोचल्या, तर रोग हटला. यावरून कळले की प्रत्यारोपणात औषध केवळ नवी मज्जा नव्हे, तिच्यासोबत येणारे राखणदारही औषधच आहेत.

यातून अलीकडे जो मार्ग निघाला तो आमच्या मते गरीब कुटुंबांस सर्वांत मोलाचा. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत असे आढळले की मज्जा दिल्यानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनेच औषध दिले तर रोग्याच्या शरीरावर चवताळून उठलेल्या टी पेशी लंगड्या पडतात, मूलपेशी मात्र बचावतात. शिवाय टी पेशींतच काही पेशी अशा असतात की त्या इतरांस आवरतात. त्याही या औषधातून तगून राहतात. अशा आवरणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दलच 2025 सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांस मिळाले. या उपायामुळे अर्धे जुळणारे आईबापही आता दाते होऊ शकतात. ती कपाळ बडवून घेणारी माता आज असती तर तिलाही विचारले गेले असते.

तरीही परक्या दात्याची गरज उरतेच, आणि येथे आम्हांस वाचकांस थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. ओळखीच्या खुणा वंशपरंपरेने येतात, त्यामुळे जुळणारा परका दाता बहुधा आपल्याच समाजात सापडतो. दात्यांच्या नोंदवह्या आपल्या देशातही आहेत. 2009 सालापासून चेन्नईची दात्री ही संस्था हे काम करीत आहे. नाव नोंदविण्यास गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून द्यावा लागतो, इतकेच. पण नोंदवहीत आपल्या खेड्यांतील नावेच नसतील तर आपल्या रोग्यास जुळणारा माणूस कोठून मिळावा? याला धर्माची काही आडकाठी आहे काय, असेही एकाने विचारले. मुळीच नाही. मात्र नाव देऊन ऐन वेळी माघार घेणे हे नाव न देण्याहून वाईट. कारण दात्याची मज्जा घेण्यापूर्वी रोग्याची स्वतःची मज्जा बहुधा औषधांनी नष्ट केलेली असते. तेव्हा घरी विचारविनिमय करूनच नाव द्यावे.

आजीबाईंच्या घरी आम्ही पुढे दोनदा जाऊन आलो. त्यांचा होकार आता मिळाला आहे. भेटीस येणाऱ्या नातलगांस कसे थोपवावे ही त्यांची नवी चिंता. कारण प्रत्यारोपणानंतर कित्येक महिने साधी सर्दीदेखील मुलास भोवू शकते. थोरल्याचा रक्तगट ओ, धाकट्याचा बी. मज्जा रुजली की धाकट्याच्या रक्ताचाही गट ओ होईल, हे ऐकून आजीबाई बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आता मारामारी केली तर दोघांचं एकच रक्त सांडायचं." जुन्या पेशींबरोबर लहानपणी टोचलेल्या लसींची आठवणही बहुतेक पुसली जाते. सर्व काही सुरळीत झाले तर पुढील वर्षी केव्हातरी हा आठ वर्षांचा मुलगा तान्ह्या बाळांबरोबर लशीसाठी पुन्हा रांगेत उभा राहील.