तीस फुटी दोर, चाळीस फुटी झाड

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर आमच्या टीममधल्या एकाने मोबाईल फिरवला. मुळशीकडे त्याने गेल्या वर्षी जागा घेतली, तिथलं एक वाळलेलं झाड त्याने स्वतः पाडलं, त्याचा व्हिडिओ. डोळ्याला गॉगल, पायात स्पोर्ट्स शूज, हातात चेनसॉ. झाड कडाडलं, पडलं, आणि मागून बायको-मुलांचा "येऽऽ" असा आवाज. टेबलावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "मुलं किती लांब उभी होती रे?" तर म्हणे, "होती की मागे. झाड पुढे पडलं ना!"

यावर मला जे बोलायचं होतं ते जेवणाच्या सुट्टीत मावणारं नव्हतं. म्हणून हा शनिवार त्यात घालवतोय.

आधी स्वतःची लायकी सांगून टाकतो, म्हणजे उपदेशाचा अधिकार कुठून आला ते कळेल. आम्हीही जागा घेतली आहे. ताम्हिणी उतरून माणगावच्या पुढे, म्हसळ्याच्या वाटेवर, तीस गुंठे. (शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. बाबांच्या नावावर गावचा सातबारा आहे म्हणून जमलं. माझ्या नावावर फक्त होम लोन.) जागेत जुनं कौलारू घर, एक विहीर, चहूबाजूंनी चिऱ्याचा गडगा, आणि तीन मेलेली झाडं. पाखाडीच्या अगदी कडेला एक रायवळ आंबा, विहिरीजवळ शेंडा गेलेला माड आणि पार मागच्या गडग्यापाशी एक ऐन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आंब्याची मुळं हलली, मग त्याला भिरूड लागला, आणि दोन-तीन वर्षांत झाड उभ्याउभ्या वठलं, असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं.

खरेदीखत झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी ऑनलाईन चेनसॉ मागवला. साडेआठ हजार. तोडणाऱ्यांनी आंबा आणि माडाचे मिळून अठरा हजार सांगितले होते. म्हणजे मशीनचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल, शिवाय मशीन आपलं! मग आठवडाभर रात्री व्हिडिओ पाहिले. झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच, मग मागून काप, आणि दोन्हींच्या मध्ये साधारण खोडाच्या एक दशांश जाडीची पट्टी शिल्लक ठेवायची. ती पट्टी दाराच्या बिजागरीसारखी वळते आणि झाडाला दिशा देते. झाडाच्या पडण्याच्या उलट बाजूला, तिरकी, पळायची वाट आधीच मोकळी करून ठेवायची. सगळं पाठ. इंजिनियरिंगची परीक्षा आदल्या रात्री वाचून पास झालेला माणूस मी, मला काय अवघड?

व्हिडिओतली झाडं जिवंत होती, एवढा एक मुद्दा माझ्या लक्षात आला नाही.

जिवंत लाकडात ओल असते, धागा लवचिक असतो, म्हणून ती बिजागरी वाकते. वठलेल्या झाडात ती बिस्किटासारखी मोडते, आणि ती मोडली की झाडाला तुमची दिशा ऐकायचं काही कारण उरत नाही. बाहेरून टणक दिसणारं खोड आतून भिरुडाने पोखरलेलं असू शकतं, म्हणजे तुम्ही जी दोन फुटांची जाडी धरून हिशेब करता त्यातली भरीव किती हे कापल्याशिवाय कळत नाही. मुळं कुजलेली असतील तर झाड कापाशी न मोडता बुडासकट कलंडतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या फांद्या. त्यांना पडायला काप लागतच नाही, हादरा पुरतो. पाचर ठोकली तरी पुरे. अमेरिकेतले लाकूडतोडे अशा सुट्या फांदीला 'विडोमेकर' म्हणतात, विधवा करणारी. त्यांच्याकडे २०२२ साली लाकूडतोडीच्या कामात दर लाख कामगारांमागे शंभरच्या आसपास मृत्यू झाले, सगळे धंदे मिळून सरासरी ३.७ होती. आणि ही शिकलेली, हेल्मेट घातलेली, रोज हेच काम करणारी माणसं.

तर झालं असं. मी खोडाशी, कानाला आवाजबंद. बाबा खाली उतारावर दोर धरून उभे, झाड पाखाडीवर न येता शेताकडे यावं म्हणून. मी खाच घ्यायला सुरुवात केली. मिनिटभर झालं असेल. माझ्या डाव्या हाताला काहीतरी हललं म्हणून बघितलं, तर मांडीएवढी जाड, सहा फुटी फांदी जमिनीत रुतून उभी. माझ्यापासून दीड हातावर. पडल्याचा आवाजसुद्धा मला आला नव्हता.

नंतर घरी बसून हिशेब केला, इंजिनियर ना शेवटी! पंधरा किलो वजन, पंचवीस फूट उंची. खाली येताना वेग ताशी ४४ किलोमीटर. वेळ सव्वा सेकंद. कान बंद, मशीन चालू, नजर पात्यावर. सव्वा सेकंदात मी वरसुद्धा बघू शकलो नसतो.

पण मला झोप लागली नाही ती या हिशेबाने नाही. शेजारचे आजोबा गडग्यावरून ओरडत आले, "ओ दादा, बंद करा ते! म्हाताऱ्याला कुठे उभं केलंय बघा आधी." मी बघितलं. दोर तीस फुटांचा होता. झाड चाळीस फुटांचं. मी माझ्या बापाला झाड जिथे पडणार बरोबर तिथे, त्याच्या सावलीत उभं केलं होतं, आणि वर "बाबा, मी सांगितलं की जोरात ओढा" अशी सूचना दिली होती. त्या खोडाचा घेर सहा फूट. निमुळतं धरलं तरी वजन दीड टनाच्या घरात. तीस आणि चाळीस यातलं मोठं कोणतं, हे पहिलीतलं पोर सांगेल.

बाबा काही बोलले नाहीत. दोर गुंडाळला आणि चहा टाकायला गेले.

म्हणून त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत. व्हिडिओत झाड पुढे पडलं, कबूल. पण ते मागे पडू शकत होतं की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पुढे पडल्यावरही ठाऊक झालेलं नाही. आपल्या धंद्यात एकदा चाललेला प्रोग्रॅम कोणी 'टेस्टेड' म्हणून पुढे पाठवला तर आपण त्याची मीटिंगमध्ये सालटी काढतो. इथे बायको-मुलं प्रॉडक्शनवर उभी होती.

आता तुम्ही म्हणाल, गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या झाडं तोडतात, ती कुठे कोर्स करतात? करतात ना. लहानपणापासून कोणाच्यातरी हाताखाली दोर धरतात, वर्षानुवर्षं नुसते दोर धरतात. आणि एक करून बघा. सरसर माडावर चढणाऱ्या गड्याला वठलेल्या झाडावर चढायला सांगा. तो खाली उभा राहून बराच वेळ वर बघेल, बुंध्यावर कोयत्याची मूठ आपटून आवाज ऐकेल, आणि बहुतेक वेळा नाही म्हणेल. हे 'नाही' व्हिडिओत दिसत नाही.

दुसरा मुद्दा पैशांचा. इथे मला जास्त राग येतो, कारण मी त्यात आहे. साडेनऊ हजार वाचवायला मी निघालो होतो. त्याच महिन्यात मी त्याहून महागडा हेडफोन घेतला होता, मीटिंगमध्ये पंख्याचा आवाज येतो म्हणून! आणि जे "स्वतः नको रे बाबा" म्हणून नाक्यावरून आठशे रुपये रोजावर दोन माणसं उचलून आणतात, त्यांनी फार शहाणपणा केला असंही मी मानत नाही. अंगावर यायचं ते फक्त दुसऱ्याच्या अंगावर ढकललं. आमच्याकडे शेवटी आलेल्या तिघांना मी विम्याचं विचारलं. दोघांचा बँकेतून वर्षाला २० रुपये कापला जाणारा सरकारी अपघात विमा होता. मेलं तर दोन लाख. तिसऱ्याचा तोही नव्हता. आपल्याला खुर्चीत पाठ दुखली तरी कॅशलेस!

तिसऱ्याचा फॉर्म मी माझ्या मोबाईलवर भरायला घेतला, पण त्याच्या बँकेत काहीतरी अडलं. त्या दिवशी तो तसाच झाडावर चढला. याचं माझ्याकडे उत्तर नाही. काम पुढे ढकलायला हवं होतं हे आत्ता लिहिताना कळतंय.

त्यांनी काम कसं केलं ते सांगण्यासारखं आहे. आंब्याला कोणी हात लावला नाही. शेजारच्या जिवंत फणसावर चढून तिथे कप्पी बांधली, आंब्याच्या फांद्या एकेक करून दोराला बांधायच्या, फणसावरूनच कापायच्या आणि हळूहळू खाली सोडायच्या. खाली पाखाडीच्या दोन्ही टोकांना बांबू आडवे. म्होरक्याने मला आणि बाबांना थेट घराच्या ओटीवर पाठवलं. माडासाठी दोर आणला तो सव्वाशे फुटी. मी मनातल्या मनात वजाबाकी केली.

आणि परवानगी. "मेलेल्या झाडाला कसली परवानगी" हे वाक्य मी चार जणांकडून ऐकलं. १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमन कायदा आहे, आंबा, फणस, ऐन त्याच्या यादीत आहेत, झाड तुमच्या मालकीचं असलं तरी. मात्र झाड मेलेलं असेल किंवा जीविताला धोका असेल तर परवानगी नाकारू नये असंही त्याच कायद्यात आहे. वेळ गेला, हेलपाटे झाले. पण त्या वेळात एक फायदा झाला, मी तिन्ही झाडांकडे शांतपणे बघितलं.

ऐनाखालून कोणी जातच नाही. तिथे घर नाही, वाट नाही, विहीर नाही. तो पडला तर गडग्याचे चार चिरे हलतील. मग त्याला 'धोकादायक' कोणी ठरवलं? मीच, कारण हातात मशीन होतं. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे, आणि वरच्या वाळक्या फांदीत तांबटाने भोक पाडलंय. ऐन उभा आहे. पावसाळ्याआधी तिकडे जायच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकून ठेवतो, तेवढंच. नवीन जागा घेतली की पहिल्या महिन्यात सगळं साफ करायची जी खुमखुमी येते ना, ती बऱ्याच अपघातांच्या मुळाशी असावी असं माझं आपलं मत. झाड दोन-तीन वर्षं मेलेलं उभं आहे. खालची वाट आज दोरी बांधून बंद करता येते, त्याला वीस रुपये लागतात.

स्वतः काहीच करू नये असं मी म्हणत नाही. जमिनीवर नीट टेकलेल्या मनगटाएवढ्या फांद्या मी कापतो, हातकरवतीने. मशीन माळ्यावर आहे. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की ते उसळून थेट तोंडाकडे येतं, हे मला विकत घेतल्यावर दोन महिन्यांनी, त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक वाचून कळलं. :-)

काल संध्याकाळी टीममधल्या त्याच मित्राचा मेसेज आला. त्याच्या जागेत अजून दोन झाडं आहेत, त्याच्या मशीनची चेन तुटली, माझं देतोस का. मी त्याला म्होरक्याचा नंबर पाठवला. तो म्हणाला, "एवढ्याशा कामाला माणूस कशाला?" मी उंची विचारली. अजून उत्तर आलेलं नाही.